शितावरून भाताची परीक्षा : प्रतिपक्षाविषयीच्या विधानांचे परीक्षण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• प्रतिपक्षाविषयीच्या सरसकट विधानातील दोष ओळखता येईल.
• टोकाची कृती संपूर्ण पक्षाविरुद्धचा पुरावा केव्हा ठरते, हे स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपल्या नित्य परिचयाची आहे. एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेल्या भाताला ती लागू पडते, कारण तेथे एक शीत दुसऱ्यासारखेच असते. राजकीय पक्ष असा एकजिनसी नसतो. शिवाय प्रतिपक्षातील जे शीत आपल्या हाती येते, ते बहुधा सर्वांत गाजलेले, म्हणजेच सर्वांत टोकाचे असते. स्वपक्षातील अशा माणसाला आपण 'अपवाद' म्हणतो, तर प्रतिपक्षातील तशाच माणसाला 'नमुना' मानतो. या दुहेरी मापाचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

विषय-विवेचन

(अ) उदाहरण : सुरत, १९०७

१९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात काँग्रेसने स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे ठराव संमत केले. सुरतेच्या अधिवेशनात मवाळ नेते हे ठराव सौम्य करतील, असा जहालांना संशय होता. जहालांच्या हाती काँग्रेस गेल्यास सरकारी दडपशाही ओढवेल, अशी मवाळांना धास्ती होती. दोन्ही भूमिकांमागे विचार होता, हे प्रथम लक्षात घ्या.

२७ डिसेंबर १९०७ रोजी अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांचे नाव पुढे आले असता लोकमान्य टिळक बोलण्याचा हक्क मागत व्यासपीठावर उभे राहिले. परवानगी नाकारली गेली व गोंधळ माजला. इतक्यात एक मराठी धाटणीचा जोडा व्यासपीठाच्या दिशेने आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. पुढे खुर्च्या व काठ्या चालल्या आणि अधिवेशन उधळले गेले.

आता जोडा म्हणजेच जहाल पक्ष, असे अनुमान मवाळांना सोपे झाले. टिळकांना हटविण्यास धावलेले लोक म्हणजेच मवाळ पक्ष, असे जहालांना म्हणता येऊ लागले. परंतु त्याच क्षणी गोपाळ कृष्ण गोखले आपले दोन्ही हात पसरून टिळकांच्या रक्षणार्थ उभे राहिले, अशी नोंद तेथे उपस्थित असलेले इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी केली आहे. मवाळांचा 'नमुना' कोणता मानावा : धावून जाणारे की आड उभे राहणारे गोखले?

या फुटीची किंमत मोठी होती. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेला झाली, तेव्हा काँग्रेस दुभंगलेली होती. दोन्ही गट १९१६ मध्ये लखनौला एकत्र आले. ते पाहण्यास गोखले हयात नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्ययात्रेस आलेल्या टिळकांनी आपल्या या प्रतिपक्ष्याचा मुक्तकंठाने गौरव केला.

(ब) परीक्षणाचे तीन प्रश्न

१. ही कृती पक्षाच्या घोषित भूमिकेतून निघते, की त्या भूमिकेच्या विरुद्ध जाते?
२. पक्षातील जबाबदार मंडळींनी तिचा निषेध केला, मौन पाळले, की कर्त्याला पद व मान दिला?
३. हीच कृती स्वपक्षीयाने केली असती, तर आपण तेच अनुमान काढले असते काय?

यांतील दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. टोकाच्या माणसाकडे नेहमीच दुर्लक्ष करावे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. पक्ष त्याला पाठीशी घालत असेल, तर ती कृती पक्षाविरुद्धचा पुरावा ठरते. तथापि तो पुरावा पाठराखणीचा असतो, केवळ त्या माणसाच्या अस्तित्वाचा नव्हे.

सारांश

प्रतिपक्षाच्या दुबळ्या प्रतिनिधीला हरविल्याने त्याचा विचार खोडला जात नाही. त्याची सर्वांत समर्थ मांडणी समोर ठेवून केलेले खंडनच टिकते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण राजकीय पक्षाला का लागू पडत नाही? पाच ओळींत लिहा.
२. तुम्हाला मुळीच न पटणाऱ्या एका राजकीय मताची मांडणी अशी करा, की ते मत असणारा माणूस 'माझे म्हणणे हेच आहे' असे म्हणेल. त्यानंतरच त्याचे खंडन लिहा.