जाड तार, बारीक तार : नाद आणि टिकाऊपणा
(द्वितीय वर्ष, कला)

तार जाड असली म्हणजे ती जास्त टिकते, ही समजूत इतकी सरळ वाटते की तिच्याविषयी शंका घ्यावी असे कुणाच्या मनातही येत नाही. दोर जाड असला तर ओझे जास्त पेलतो. मग तारेलाच वेगळा न्याय कशासाठी? माझीही समजूत हीच होती. ती चुकीची कशी ठरली आणि त्या निमित्ताने तारेविषयी मी काय शिकले, हे वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख लिहिला आहे. आपल्या महाविद्यालयात गिटार वाजवणारे आता बरेच आहेत. तार तुटली की दुकानात जाऊन 'जरा मजबूत द्या' असे म्हणणारेही तितकेच आहेत. त्यांना या अभ्यासाचा काही उपयोग होईल अशी आशा वाटते.

प्रथम प्रसंग सांगते. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनातील समूहगीताला माझी गिटारची साथ होती. गिटार जुनी, दुसऱ्याने वापरलेली. तालमीच्या दुसऱ्याच दिवशी पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार तुटली. आमच्या घरी तारांचा नवा सेट घेणे हा विचार करून करावयाचा खर्च आहे. तेव्हा पुन्हा तुटू नये म्हणून मी पहिल्यापेक्षा जाड तारांचा सेट घेतला. बोटे दुखली, पण मजबुतीची किंमत म्हणून ते सोसले. तीन आठवड्यांनी दोन गोष्टी एकदमच लक्षात आल्या. गिटारची मान पुढे ओढली जाऊन तारा पडद्यांपासून वर उचलल्या गेल्या होत्या. आणि संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी पहिली तार पुन्हा तुटली.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात स्प्रिंगा वळवण्याच्या यंत्रावर काम करतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. मी रडवेली होऊन बसलेली पाहून त्यांनी तुटलेल्या तारेचे दोन्ही तुकडे मागितले. पहिल्या वेळी तुटलेली तार मी वहीत ठेवली होती, तीही मागितली. तुकडे दिव्याखाली धरून ते म्हणाले, "तार किती जाड होती ते नंतर बघू. आधी तुटली कुठं ते बघ. दोन्ही एकाच जागी गेल्यात."

आणि खरोखरच दोन्ही तारा ब्रिजवर, जेथे तार घोडीवरून खाली वळते, नेमक्या त्याच ठिकाणी तुटल्या होत्या. आप्पांनी घोडीच्या खाचेवरून नख फिरवले. खाचेची कड धारदार झाली होती. "स्प्रिंग कधी उगाच मधेच तुटत नाही," ते म्हणाले. "जिथं ओरखडा असतो, तिथनंच जाते." त्यांनी बारीक पॉलिश पेपराने ती कड गोलसर केली, खाचेत पेन्सिलीचे शिसे घासले आणि मला पूर्वीचाच बारीक सेट लावायला सांगितला. तो सेट पुढे पाच महिने टिकला.

स्प्रिंगची तार आणि वाद्याची तार

आप्पांना हे कसे कळले, याचे उत्तर त्यांच्या कारखान्यातच आहे. स्प्रिंगांसाठी जी जास्त कार्बनची, थंड स्थितीत खेचून बारीक केलेली पोलादी तार वापरतात, तिला धंद्यात 'पियानो वायर' किंवा 'म्युझिक वायर' म्हणतात. हे नाव उगाच पडलेले नाही. पियानोच्या तारा, गिटारच्या न गुंडाळलेल्या बारीक तारा आणि उत्तम प्रतीच्या स्प्रिंगा यांची जात एकच. आप्पा वीस वर्षे हा शब्द उच्चारत आले. पण त्यातला 'म्युझिक' म्हणजे आपल्या मुलीच्या हातातले वाद्य, हे त्या संध्याकाळपर्यंत आमच्या दोघांच्याही ध्यानात आले नव्हते.

चाकणजवळच्या आमच्या गावी आजोबांची एकतारी आहे. तिची तार आप्पांनी फार पूर्वी कारखान्यातल्या एका तुकड्यातून लावून दिली होती. ती आजही तशीच आहे. तार चांगली असते तेव्हा इतकी वर्षे टिकते, आणि गिटारवर त्याच जातीची तार दोन दिवसांत तुटते. हा फरक कशाचा? एकतारी ढिली लावलेली असते आणि आजोबा ती बोटाच्या हलक्या आघाताने वाजवतात. गिटारची तार मात्र चोवीस तास ओढलेली असते. तेव्हा टिकाऊपणाचा विचार जाडीपासून नव्हे, तर ताणापासून सुरू केला पाहिजे.

ताणाचे गणित

मी कला शाखेची विद्यार्थिनी असल्याने पुढचा भाग कनिष्ठ महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सरांकडून समजून घेतला. फ्रान्समधील मारां मेर्सेन या धर्मगुरूने १६३६ साली तारेच्या कंपनाचे नियम ग्रंथरूपाने मांडले. ते सोप्या शब्दांत असे : तार जितकी लांब, तितका स्वर खाली. ताण चौपट केला तर स्वर दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला. आणि तार जितकी वजनदार, तितका स्वर खाली.

या तिसऱ्या नियमातच माझ्या चुकीचे मूळ आहे. जाड तार वजनदार असते. तिला बारीक तारेच्याच स्वरावर आणायचे तर जास्त ओढावे लागते. किती जास्त? गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. 'दहा'ची तार म्हणजे ०.०१० इंच, सुमारे पाव मिलिमीटर. नेहमीच्या लांबीच्या गिटारवर पहिल्या तारेचा स्वर (सेकंदाला सुमारे ३३० कंपने) मिळवण्यासाठी 'दहा'ची तार सुमारे साडेसात किलो वजनाइतकी ओढावी लागते. 'बारा'ची तार त्याच स्वरावर आणायला सुमारे साडेदहा किलो लागतात. आता दोघींची शक्ती पाहा. 'दहा'ची चांगली पोलादी तार साधारण चौदा किलोला तुटते, 'बारा'ची साधारण एकोणीस किलोला. भागाकार केला तर दिसते की दोन्ही तारा आपल्या शक्तीच्या निम्म्याहून थोड्या अधिक भारावर उभ्या आहेत. जाड तारेने जी शक्ती मिळवली, ती वाढलेल्या ताणात खर्च झाली. तिला सुरक्षित अंतर जास्त मिळाले नाही.

मग जास्तीचा ताण गेला कुठे? तो गेला गिटारच्या मानेवर आणि ब्रिजवर. 'बारा'च्या सहा तारांचा एकत्र ताण सत्तर किलोंच्या वर जातो. म्हणजे एक पूर्ण वाढलेला माणूस त्या लाकडाला रात्रंदिवस लोंबकळत असतो. याच कारणाने नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या गिटारला पोलादी तारा कधीही लावू नयेत. नायलॉनच्या तारांचा ताण बराच कमी असतो आणि ते लाकूड त्याच हिशेबाने हलके ठेवलेले असते.

आणखी एक गोष्ट व्यवहारात उपयोगी आहे. पेटीवरच्या शेजारच्या पट्टीइतकाच स्वर चढवला तरी तारेवरचा ताण सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो. गायकाची पट्टी उंच असली तर तारा चढवण्याऐवजी पडद्यावर चाप, म्हणजे कॅपो, लावावा. तारा वाचतात.

नादासाठी धातूची निवड

याचा अर्थ जाड तारेला काही गुणच नाही असा नव्हे. जाड तार जास्त ताणावर असल्याने आवाज मोठा व भरदार देते. जोराने वाजवणाऱ्याच्या हाताखाली ती खडखडत नाही. तेव्हा जाडी निवडावी ती नादासाठी आणि आपल्या हातासाठी, टिकाऊपणासाठी नव्हे.

खालच्या स्वरांच्या तारांचा प्रश्न निराळा. खर्जासाठी वजन हवे. पण नुसतीच पोलादी तार जाड करत गेलो तर ती तारेसारखी न वागता सळईसारखी ताठ होते आणि तिचे वरचे स्वरांश बेसूर होतात. म्हणून आत पोलादाचा बारीक गाभा ठेवून त्यावर दुसऱ्या धातूची तार गुंडाळतात. गाभा ताण सोसतो, गुंडाळी वजन देते. ही गुंडाळी मुख्यतः दोन प्रकारची. ज्याला '८०/२० ब्राँझ' म्हणतात त्यात ८० टक्के तांबे व २० टक्के जस्त असते; वास्तविक आपल्या घरातल्या भाषेत हे पितळच. नवी असताना ही तार लखलखीत वाजते, पण ती झळाळी लवकर उतरते. दुसरी फॉस्फर ब्राँझ; तीत तांब्याबरोबर थोडे कथील व किंचित फॉस्फरस असतो. गिटारसाठी ती १९७४ साली अमेरिकेतील डॅडारिओ कंपनीने आणली. तिचा नाद काहीसा मऊ व उबदार, आणि गंज सोसण्याची ताकद अधिक. अलीकडे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा अतिपातळ लेप दिलेल्या ताराही मिळतात. त्या महाग असतात, पण ज्यांच्या हाताला घाम फार येतो त्यांना परवडतात.

आपल्या तंबोऱ्यातही हीच निवड शेकडो वर्षांच्या कानाने झालेली दिसते. जोडीच्या तारा पोलादी आणि खर्जाची तार पितळी किंवा ब्राँझची. पितळ पोलादाइतके ओढले तर तुटेल. परंतु खर्जाला तेवढे ओढावेच लागत नाही, आणि त्याचा गंभीर नाद तेथे शोभतो. प्रत्येक धातूला त्याच्या शक्तीप्रमाणे काम दिलेले आहे.

येथे मिरजेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सतारी व तंबोरे बनवण्याचा व्यवसाय ज्या शिकलगार घराण्याने सुरू केला, त्यांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. तलवारींचे दिवस सरले आणि लोखंडाची पारख असलेले ते हात वाद्यांकडे वळले. पुढे त्यांचे आडनावच सतारमेकर झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे वाचले तेव्हा मला आप्पांच्या हातातला पॉलिश पेपर आठवला. ज्याला धार लावता येते, त्यालाच धार काढूनही टाकता येते.

तार मरते कशी?

तार तुटते त्याच्या कितीतरी आधी तिचा नाद मरतो. बोटांचा घाम खारट असतो. त्याने पोलाद गंजते. गुंडाळीच्या फटींत मळ बसतो आणि वरचे स्वरांश दबले जातात. मळ व गंज सगळीकडे सारखा नसतो. त्यामुळे तारेचे वजन जागोजाग बदलते आणि ती स्वतःशीच जुळेनाशी होते. ओळखण्याची युक्ती अशी : बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून काढलेला स्वर आणि तेथेच दाबून काढलेला स्वर पूर्वी जुळत होते व आता जुळत नाहीत, तर तार बदलण्याची वेळ झाली. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने हवा दमट असते; तेव्हा ही वेळ लवकर येते.

सारांश, माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते :

१. तार तुटली तर ती फेकण्याआधी कोठे तुटली ते पाहा. दोनदा एकाच जागी तुटली तर दोष तारेचा नाही. ब्रिज, मानेवरची खाच आणि खुंटी या तीन जागा तपासा.

२. जाडी आपल्या वाद्याला व हाताला मानवेल तीच घ्या. नवख्याने 'दहा' किंवा 'अकरा'पासून आरंभ करावा.

३. वाजवण्याआधी हात धुवा. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार खालूनवरून पुसा. तेल लावू नका; गुंडाळीत ते मळ धरून ठेवते.

४. खुंटीभोवती तारेचे दोनतीन वेढे नीट, एकाखाली एक बसवा. तार एकदम झटका देऊन चढवू नका.

शेवटी एक कबुली. हा लेख मी आमच्या सरांना दाखवला, तेव्हा तार तुटण्याच्या जागेविषयीचा परिच्छेद वाचून त्यांनी विचारले, "हे कोणत्या पुस्तकातून घेतलेस?" मी क्षणभर गप्प राहिले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पहिल्या वर्षी वडील काय करतात असे कुणी विचारले तर मी 'कंपनीत आहेत' एवढेच सांगून विषय बदलत असे. या वेळी मी सरांना सरळ सांगितले की हे माझ्या वडिलांकडून घेतले. ते म्हणाले, "मग तसे लिही."

म्हणून तसे लिहिले आहे. आप्पांना हा अंक मी वाचून दाखवणार आहे. यंत्राच्या आवाजाने त्यांना अलीकडे जरा कमी ऐकू येते, तेव्हा मोठ्याने वाचावे लागेल.