नव्या गाडीची वॉरंटी : सुरू कधी होते, संपते कधी?



आपल्या जोयडा तालुक्यात गाडी ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. गणेशगुडीपासून रामनगरपर्यंत कोणी पर्यटकांसाठी, कोणी दुकानाच्या मालासाठी, तर कोणी घरातील आजारी माणसाला वेळेवर दवाखान्यात नेता यावे म्हणून गाडी घेतो. अनेक घरांत घर आणि जमीन यांच्या खालोखाल हाच सर्वांत मोठा खर्च असतो. पण जमिनीचा उतारा आपण जितक्या काळजीने वाचतो, तितक्या काळजीने गाडीसोबत आलेली वॉरंटीची पुस्तिका वाचत नाही. ती गाडीच्या कप्प्यात पडून राहते आणि बिघाड झाल्यावरच बाहेर येते. तोवर कधी कधी मुदत संपलेली असते.

शाळेत पालक अनेकदा आमच्याकडे इंग्रजी कागद वाचून घेण्यासाठी येतात. त्यांत गाडीचे कागद बरेच असतात. म्हणून या अंकात हा पाठ देत आहोत.

वॉरंटी म्हणजे काय?

वॉरंटी म्हणजे निर्मात्या कंपनीने दिलेले मुदतीचे वचन. गाडीच्या सामानात किंवा बनावटीत दोष निघाला, तर ठरलेल्या मुदतीत कंपनी तो भाग विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देते. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे बोलीभाषेत ‘गारंटी’ आणि ‘वारंटी’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जात, मराठीतही तेच होते. त्यामुळे ‘गाडी बिघडली तर नवी गाडी मिळेल’ असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. मारुती उद्योग कंपनीच्या एका खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, वॉरंटीच्या अटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर त्या अटीच्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. वचनात जे लिहिले आहे, तेवढेच मिळते.

मुदत सुरू कधी होते?

नव्या गाडीच्या कागदांवर निदान चार वेगवेगळ्या तारखा असतात.

१. उत्पादनाची तारीख : गाडी कारखान्यात तयार झाली तो महिना व वर्ष. हे नोंदणी पुस्तकात, म्हणजे आरसीत, लिहिलेले असते.

२. बिलाची तारीख : शोरूमने विक्रीचे पक्के बिल केले तो दिवस.

३. ताब्याची तारीख : गाडी प्रत्यक्ष ग्राहकाच्या हाती दिली तो दिवस. यालाच आपण डिलिव्हरी म्हणतो.

४. नोंदणीची तारीख : परिवहन कार्यालयात गाडीची नोंद झाली तो दिवस.

यांपैकी वॉरंटी कोणत्या तारखेपासून मोजायची? बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत पहिल्या ग्राहकाला गाडी ताब्यात दिल्याची तारीख धरलेली असते. काहींत विक्रीची तारीख असते. उत्पादनाच्या तारखेपासून मात्र साधारणपणे मोजत नाहीत. त्यामुळे गाडी शोरूमच्या आवारात चार महिने उभी असली, तरी तेवढ्याने ग्राहकाचे चार महिने कमी होत नाहीत. परंतु शोरूमने लोकांना चालवून दाखवण्यासाठी वापरलेली गाडी स्वस्तात घेतली, तर तिची वॉरंटी आधीच सुरू झालेली असू शकते. अशा वेळी उरलेली मुदत लिहून घ्यावी.

चार-आठ दिवसांच्या फरकाने काय होते, हे एका पालकांच्या उदाहरणावरून कळेल. त्यांच्या गाडीचे बिल ३० मार्चचे होते. गाडी हाती आली ११ एप्रिलला. वॉरंटी दोन वर्षांची होती. दोन वर्षांनी ५ एप्रिलला स्टिअरिंगमधून आवाज येतो म्हणून ते गाडी घेऊन गेले, तेव्हा ‘मुदत गेल्या आठवड्यात संपली’ असे सांगण्यात आले. घरी परत येऊन त्यांनी कागद शोधले. पुस्तिकेत मुदत ताब्याच्या दिवसापासून लिहिली होती आणि गाडी मिळाल्याची सहीशिक्क्याची पावती त्यांच्या फाइलमध्ये होती. पावती दाखवल्यावर काम विनामूल्य झाले. पावती नसती, तर तोंडी वादातून काही निष्पन्न झाले नसते.

मुदत संपते कधी?

वॉरंटीला दोन टोके असतात : एक वर्षांचे आणि एक किलोमीटरचे. ‘यांपैकी जे आधी येईल ते’ अशी अट असते. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ वॉरंटी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर केली. काही कंपन्या किलोमीटरची मर्यादा ठेवत नाहीत, तर विजेच्या गाड्यांच्या मुख्य बॅटरीची वॉरंटी वेगळी व लांब असते. टाटा नेक्सॉनची विजेवरील गाडी २०२० मध्ये आली, तेव्हा बॅटरीसाठी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी मुदत होती.

आता थोडे गणित करू. दोन गाड्या १५ जून २०२४ रोजी ताब्यात मिळाल्या. दोन्हींची वॉरंटी ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर.

पहिली गाडी वर्षातून ३०० दिवस, रोज २० किलोमीटर चालते. वर्षाचे ६,००० आणि तीन वर्षांचे १८,००० किलोमीटर झाले. तिची वॉरंटी तारखेने संपेल, १४ जून २०२७ रोजी. उरलेल्या ८२,००० किलोमीटरचा काही उपयोग नाही.

दुसरी गाडी तितकेच दिवस, पण रोज १२० किलोमीटर चालते. वर्षाचे ३६,००० म्हणजे महिन्याला सरासरी ३,००० किलोमीटर. एक लाख किलोमीटर ३३ महिने आणि १० दिवसांत पुरे होतील. म्हणजे तिची वॉरंटी मार्च २०२७ च्या अखेरीसच संपेल, तारखेच्या जवळपास पावणेतीन महिने आधी. जो माणूस फक्त कॅलेंडर पाहतो, तो येथे फसतो. मीटरही पाहिला पाहिजे.

मुदतीबाबत आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

• वॉरंटीत एखादा भाग बदलून मिळाला, तर त्या दिवसापासून नवी वॉरंटी सहसा सुरू होत नाही. मूळ मुदतीतले जे दिवस उरले असतील, तेवढेच त्या भागाला मिळतात.

• ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, ऑइल अशा झिजणाऱ्या वा संपणाऱ्या वस्तू साधारणपणे वॉरंटीत नसतात. टायरची वॉरंटी टायर कंपनीची असते. साध्या बॅटरीचेही बहुधा तसेच.

• अपघात, पुराचे पाणी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा दोष कारखान्याचा नव्हे. त्यासाठी विमा पाहावा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीबरोबर ३ वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावा लागतो. ही तीन वर्षे आणि वॉरंटीची तीन वर्षे एक समजू नयेत.

• ठरलेल्या वेळी अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग करून त्याची नोंद ठेवावी. परस्पर वायरिंग कापून दिवे वा अन्य सामान बसवले, तर त्यातून झालेल्या बिघाडाला वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

• भाड्याने चालणाऱ्या गाडीला अनेकदा वेगळ्या अटी असतात. पर्यटनासाठी गाडी घेणाऱ्यांनी हे आधी विचारावे.

• वाढीव वॉरंटी घ्यायची असल्यास ती सहसा मूळ वॉरंटी संपण्यापूर्वीच घ्यावी लागते.

तक्रार कागदावर हवी

आपल्या तालुक्यातून मोठ्या कामासाठी बहुधा बेळगाव, हुबळी किंवा गोवा गाठावे लागते. पावसाळ्यात घाटरस्त्याने एक पूर्ण दिवस जातो. त्यामुळे ‘पुढच्या सर्व्हिसिंगला सांगू’ असे म्हणून आपण आवाज, गळती, थरथर सोसत राहतो. कोणी फोनवर सांगतो, कोणी मिस्त्रीच्या कानावर घालतो. मुदत संपल्यावर मात्र फोन कोणाला आठवत नाही. म्हणून मुदतीच्या आत गाडी नेऊन तक्रार जॉब कार्डावर लिहून घ्यावी आणि त्याची प्रत, तारीख व मीटरच्या आकड्यासह, घरी आणावी. दोष मुदतीत नोंदलेला असेल आणि दुरुस्तीनंतर तोच पुन्हा उद्भवला, तर हाच कागद आपला साक्षीदार ठरतो.

गाडी घेताना शोरूममधील माणूस जे सांगतो, तेही कागदावर हवे. आपल्या शेजारच्या गोव्यातील एक प्रकरण यासाठी उद्बोधक आहे. एका ग्राहकाने २०११ मध्ये नवी गाडी म्हणून पैसे भरले. प्रत्यक्षात गाडी २००९ ची आणि आधीच ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. प्रकरण जिल्हा मंचापासून वर जात सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने टाटा मोटर्स या निर्मात्या कंपनीवरील जबाबदारी काढून टाकली. कंपनी आणि विक्रेता यांचे व्यवहार स्वतंत्र आहेत, विक्रेत्याने केलेल्या गोष्टीची माहिती कंपनीला होती असे सिद्ध झाल्याशिवाय ती दोषी धरता येत नाही, असा त्याचा आशय. सांगायचा मुद्दा हा की, पैसे भरण्यापूर्वीच उत्पादनाचा महिना, चेसिस क्रमांक आणि मीटरचा आकडा आपल्या डोळ्यांनी पाहावा. दहा वर्षांच्या खटल्यापेक्षा दहा मिनिटांची पाहणी बरी.

आणि तरीही अन्याय झाला तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. गाडी बेळगावला किंवा गोव्यात घेतली म्हणून तेथेच खेटे घालण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्याचा आयोग कारवारला आहे. सुरुवातीच्या सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना कागदाचे महत्त्व आम्ही वेगळे सांगायला नको. जुने सुपा गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. घरदार सोडून नव्या ठिकाणी बसलेल्या पिढीने कागदपत्रांच्या पिशव्या जपून ठेवल्या. त्याच पिशवीत आता गाडीची पावती, पुस्तिका आणि जॉब कार्डे जावीत, एवढेच आमचे सांगणे.

स्वाध्याय

१. घरी गाडी किंवा दुचाकी असल्यास तिच्या वर सांगितलेल्या चारही तारखा शोधून वहीत लिहा. वॉरंटी कोणत्या तारखेपासून मोजतात, ते पुस्तिकेतून पाहा.

२. एका गाडीची वॉरंटी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर आहे. ती महिन्याला २,००० किलोमीटर चालते. वॉरंटी कशाने आधी संपेल आणि किती महिन्यांनी?

३. वॉरंटी संपण्याची तारीख व किलोमीटर एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि पालकांच्या परवानगीने गाडीत दिसेल अशी लावा.

ज्या पालकांना पुस्तिकेतील इंग्रजी मजकूर समजत नसेल, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर कागद घेऊन यावे. वरच्या वर्गातील मुले आमच्यासमोर तो वाचून अर्थ सांगतील. मुलांचा अभ्यास होईल आणि पालकांचे कामही होईल.