बॅटरी वारंवार उकळते? आधी रेग्युलेटर तपासा

व्यापारी बंधूंनो, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ज्यांचा कापडाचा, बांगड्यांचा किंवा किराणा मालाचा फिरता धंदा आहे, त्यांची अर्धी दुकानदारी मोटारसायकलवर चालते. सकाळी गठ्ठे बांधून ओतूर किंवा आळेफाट्याकडे जायचे, कधी मंचरहून घोडेगाव, डिंभ्यापर्यंत उधारीचा तगादा करायचा आणि अंधार पडल्यावर उसाच्या शेतांमधून घरी यायचे. आपल्या भागात उसात बिबट्याचा वावर असतो हे सांगायला नको. त्याच्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्रच आहे. अशा रस्त्यावर हेडलाईट अचानक गेला तर नुकसान केवळ बल्बच्या किमतीचे राहत नाही.

आमच्या पाहण्यात असे फेरीवाले आहेत की ज्यांनी एका वर्षात दोन-दोन बॅटऱ्या बदलल्या. बॅटरी गेली की नवी घालायची, एवढाच इलाज झाला. बॅटरी का गेली, हे कोणी विचारलेच नाही. कित्येकदा दोष रेग्युलेटरचा असतो. गॅरेजवाले त्याला आरआर युनिट किंवा नुसते रेक्टिफायर म्हणतात.

त्याचे काम समजून घ्यावे. इंजिनाबरोबर मॅग्नेट फिरते आणि कॉइल प्लेटमध्ये उलटसुलट दिशेची वीज तयार होते. बॅटरीला एकाच दिशेची वीज लागते. शिवाय गाडी जितकी पळेल तितका वीजदाब वाढतो. रेग्युलेटर ही वीज एकदिशा करतो आणि दाब साधारण १४ ते १४.५ व्होल्टवर धरून ठेवतो. तो बिघडला की लगाम सुटतो. गावात हळू चालताना काही कळत नाही. पुणे-नाशिक हमरस्त्यावर तासभर एका चालीने गाडी पळवली की बॅटरी उकळू लागते.

लक्षणे अशी: बॅटरीचे पाणी पंधरवड्यातच खाली जाते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बॅटरीची पेटी फुगते, बल्ब वरचेवर उडतात. मात्र रेस वाढवल्यावर हेडलाईट प्रखर होतो, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. पुष्कळ जुन्या गाड्यांत हेडलाईट बॅटरीवर नसून थेट कॉइलवर चालतो. त्यात थोडा फरक पडणारच.

खरा निकाल मल्टिमीटर देतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवावा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १०.५ दाखवत असेल तर सहापैकी एक सेल गेलेला असण्याचा संभव मोठा. अशी बॅटरी रेग्युलेटर ठीक असूनही उकळते, म्हणून तिच्यावर पुढची तपासणी करू नये. चांगल्या बॅटरीवर इंजिन चालू करून हळूहळू रेस वाढवावी. आकडा १४.५ च्या आसपास थांबला तर उत्तम. १५ ओलांडून रेसबरोबर चढतच गेला तर बॅटरीला जादा चार्ज मिळत आहे.

तरीही लगेच नवा रेग्युलेटर आणायला धावू नये. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या शंभर सीसी गाड्यांत रेग्युलेटरची अर्थिंग गंजली की त्याला दाब आहे त्यापेक्षा कमी भासतो आणि तो जास्त वीज सोडतो. इंजिन चालू असताना मीटरचे एक टोक रेग्युलेटरच्या अर्थ वायरला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे. आकडा शून्याजवळ हवा. ०.२ च्या वर गेला तर वायर, नट आणि कपलर घासून साफ करावेत. हे न करता नवा सुटा भाग बसवला, तर पैसे जातील आणि आजार तिथेच राहील.

अर्थिंग ठीक असूनही आकडा चढत असेल तर रेग्युलेटर बदलावा. गाडी थंड होऊ द्यावी, चावी काढावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी. भाग त्याच मॉडेलचा घ्यावा. कपलर सारखा दिसला म्हणून आतली जोडणी सारखी असतेच असे नाही आणि वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. कपलरची पिन काळी पडली असेल तर तोही बदलावा. बसवण्याची जागा गंज काढून स्वच्छ करावी. रेग्युलेटर तापतो, म्हणून त्याच्या पंखांना वारा लागला पाहिजे. चिखलाचा थर साचू देऊ नये आणि त्यावर मालाची पिशवी तर मुळीच लटकवू नये. निगेटिव्ह वायर शेवटी जोडावी.

एक वाईट चाल अजून दिसते. चार्जिंग येते का पाहायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढतात. दाब एकदम उसळतो आणि बल्ब जातात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर इंधनाचे नियंत्रण करणारा महागडा संगणक धोक्यात येतो. उकळणाऱ्या बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. जवळ विडी-काडी नको. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, ॲसिड नव्हे. सीलबंद बॅटरीत पाणी घालताच येत नाही. ती फुगली की बदलावीच लागते.

काम झाल्यावर गॅरेजवाल्याकडून आपल्यासमोर पुन्हा मीटर लावून घ्यावा आणि रेसवरचा आकडा बिलाच्या मागे लिहून ठेवावा.