पाच सेंटिमीटर उंचीचा हिशेब

पाऊस उघडल्यावर शेताकडे जाणारा कच्चा रस्ता तुम्ही पाहिला असेल. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जाऊन जाऊन त्यावर दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधोमध मातीचा उंचवटा उरतो. ट्रॅक्टर त्यावरून सहज जातो. पण कांद्याच्या गोण्या न्यायला आलेली पिकअप गाडी मध्येच अडते. पोटाखालून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो, सायलेन्सरची नळी चेपते आणि मग कोणीतरी सल्ला देतो, “गाडी दोन इंच उंच करून घ्या की!”

दोन इंच म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर. एवढीशी उंची वाढवल्याने काय बिघडणार, असे आपल्याला वाटते. परंतु निसर्गाच्या दुकानात फुकट काही मिळत नाही. या पाच सेंटिमीटरची किंमत कोठे कोठे मोजावी लागते, याचा हिशेब आज आपण मांडू. त्यासाठी शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

आधी अडचण ओळखा

साध्या पिकअप गाडीत इंजिनाची शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. गाडी रिकामी असेल तेव्हा मागच्या चाकांवर भार कमी असतो. भार कमी म्हणजे घर्षण कमी. म्हणून चिखलात ही चाके जागच्या जागी फिरू लागतात. अशा वेळी गाडी उंच असून काही उपयोग नाही, कारण उंचीने घर्षण वाढत नाही.

मात्र चाके जमिनीवर नीट टेकलेली असताना गाडीचे पोट उंचवट्याला घासत असेल, तर तो प्रश्न खरोखर उंचीचा आहे. म्हणून पहिला धडा असा : गाडी का अडली, ते खाली वाकून पाहा, उपाय त्यानंतर शोधा.

कमानपाटा आणि हूकचा नियम

पिकअपच्या मागच्या बाजूला वाकून पाहा. पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून, मधोमध आवळून बसवलेल्या दिसतील. हा कमानपाटा. त्याचा मध्य यू-बोल्टांनी मागच्या आसाला जखडलेला असतो. पुढचे टोक सांगाड्याला खिळीने जोडलेले असते, तर मागचे टोक ‘शॅकल’ नावाच्या झुलत्या कडीला. पाटा दबला की लांबतो. ती वाढलेली लांबी सामावून घेण्यासाठी ही कडी झुलते.

पाटा किती दबेल? याचे उत्तर इंग्लंडच्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केले. स्प्रिंगचे दबणे किंवा ताणणे हे तिच्यावरील बलाच्या प्रमाणात असते. समजा, १००० किलोग्रॅम माल भरल्यावर गाडीची मागची बाजू १० सेंटिमीटर खाली बसते. तर ५०० किलोग्रॅम मालाने ती ५ सेंटिमीटर बसेल. म्हणजे रिकाम्या गाडीखाली मोजलेली उंची भरलेल्या गाडीखाली नसते. म्हणून पिकअपची मागची बाजू मुळातच थोडी उंच ठेवलेली असते. माल भरला की गाडी समपातळीत येते.

उंची कोठून मिळते?

मागच्या बाजूला उंची वाढवण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत.

पहिला मार्ग ठोकळ्याचा. कमानपाटा आसाच्या वर बसवलेला असेल, तर दोहोंच्या मध्ये धातूचा ठोकळा घालतात. ठोकळा पाच सेंटिमीटरचा, तर उंचीही पाच सेंटिमीटरच वाढते. पण गाडी निघताना आणि ब्रेक लागताना आस स्वतःभोवती वळू पाहतो आणि पाट्याला पीळ देतो. ठोकळा जितका उंच, तितकी या पिळाची तरफ लांब. म्हणून ठोकळ्यावर ठोकळा रचणे किंवा लाकडाचा तुकडा घालणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. यू-बोल्टही नव्या मापाचे, लांब हवेत. जुनेच ओढूनताणून बसवायचे नाहीत.

दुसरा मार्ग लांब शॅकलचा. इथे तरफेचा नियम पाहा. पाट्याचे एक टोक स्थिर आहे आणि आस साधारण मध्यावर आहे. म्हणून शॅकल चार सेंटिमीटर लांब केली, तर गाडी आसाजवळ दोनच सेंटिमीटर उंच होते. शिवाय पाटा तिरपा झाल्याने आसही किंचित कलतो.

तिसरा मार्ग जादा पट्टी घालण्याचा. याने पाटा ताठ होतो. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट! अशी गाडी भरलेली असताना कमी दबते खरी. पण रिकामी असताना खड्ड्याखड्ड्यांतून उड्या मारते. आणि जे चाक जमीन सोडते, ते ना गाडी ओढू शकते ना थांबवू शकते.

पुढच्या बाजूला बऱ्याच पिकअप गाड्यांत प्रत्येक चाक वरखाली असलेल्या दोन दांड्यांवर स्वतंत्रपणे हलते. खालच्या दांडीच्या मध्यावर स्प्रिंग असेल, तर स्प्रिंगवर घातलेली एक सेंटिमीटरची चकती चाकापाशी सुमारे दोन सेंटिमीटर उंची देते. पुन्हा तरफच! पण दांड्या खाली झुकल्या की चाकाची ठेवण बदलते. सामान्यतः चाकाचा वरचा भाग बाहेर कलतो आणि टायर बाहेरच्या कडेने झिजू लागतो. म्हणून या कामानंतर चाकांची जुळणी तपासून घ्यावीच लागते.

काय उंच होते, काय होत नाही?

आता एक गंमत पाहा. मागच्या आसाच्या मध्यभागी घागरीसारखा फुगीर भाग असतो. त्यात चाकांना शक्ती वाटून देणारे दातेरी चक्रांचे यंत्र, म्हणजे डिफरन्शियल असते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या बाजूचा जमिनीला सर्वांत जवळचा भाग हाच. ठोकळा घातल्यावर तो किती उंच होतो? शून्य सेंटिमीटर! कारण ठोकळा आसाच्या वर बसतो. आस मात्र चाकांना जोडलेला असल्याने जिथल्या तिथे राहतो.

आस उंच करायचा तर मोठे टायर हवेत. आणि टायरचा व्यास चार सेंटिमीटरने वाढला, तर आस दोनच सेंटिमीटर उंच होतो, कारण आसाची उंची म्हणजे त्रिज्या. तेव्हा उंचवट्याला सायलेन्सर घासतो की आसाची घागर, हे आधी पाहायला हवे.

गुरुत्वमध्याचे गणित

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. गाडी वळणावर उलटते केव्हा? गाडीच्या डाव्या व उजव्या चाकांतील अंतराचा निम्मा भाग घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. या भागाकाराला आपण ‘स्थैर्यांक’ म्हणू. तो जितका मोठा, तितकी गाडी स्थिर.

समजा, चाकांतील अंतर १४० सेंटिमीटर आहे, निम्मे ७०. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर धरू. स्थैर्यांक आला १. गाडी पाच सेंटिमीटर उंच केली, तर ७० भागिले ७५ म्हणजे ०.९३. (चाके व आस उंच होत नसल्याने प्रत्यक्षात वाढ थोडी कमी होते, सोपेपणासाठी आपण पूर्ण पाच धरू.)

आता गाडीत माल रचा. गुरुत्वमध्य १०० सेंटिमीटरवर गेला, तर स्थैर्यांक ०.७०. हीच भरलेली गाडी उंच केलेली असेल, तर ७० भागिले १०५ म्हणजे ०.६७.

हे आकडे कशाशी ताडून पाहायचे? टायरच्या घर्षणाशी. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. वळणावर वेग वाढत गेला, तर दोनपैकी एक गोष्ट आधी घडते : गाडी घसरते किंवा कलंडते. स्थैर्यांक घर्षणांकाहून मोठा असेल, तर गाडी आधी घसरते. टायर किंचाळतात, चालक सावध होतो आणि वेग कमी करतो. पण स्थैर्यांक लहान असेल, तर टायर घसरण्यापूर्वीच आतल्या बाजूची चाके उचलली जातात. इशारा मिळतच नाही.

रिकामी गाडी, उंच केली तरी, पहिल्या प्रकारात आहे. मालाने भरलेली गाडी सीमारेषेवर आहे. भरलेली आणि उंच केलेली गाडी सीमारेषेच्या पलीकडे गेली. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर, आपल्या हिशेबाने, भरलेली गाडी ताशी ५१.६ किलोमीटर वेगाला उलटण्याच्या बेतात येते. उंच केलेली भरलेली गाडी ५०.४ वेगाला. फरक थोडा दिसतो. पण प्रत्यक्षात स्प्रिंगा दबतात, गाडी बाहेर झुकते आणि याहून बऱ्याच कमी वेगाला धोका उभा राहतो.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. पाच सेंटिमीटरच्या ठोकळ्यापेक्षा मालावर चढवलेला गोण्यांचा आणखी एक थर अधिक घातक ठरू शकतो. त्या थराने गुरुत्वमध्य ११५ सेंटिमीटरवर नेला, तर स्थैर्यांक ०.६१ इतका खाली येतो. आणि गोण्यांवर माणसे बसली तर? ती तर सर्वांत उंच जागी बसतात आणि गाडी कलंडताना त्यांना धरायला काहीच नसते. मालवाहू गाडीत माणसे बसवू नयेत हा नियम केवळ कागदावरचा नाही, तो गुरुत्वमध्याचा नियम आहे.

एक हलले की सारे हलते

गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर तीन मीटर आहे असे समजा. फक्त पुढची बाजू पाच सेंटिमीटर उंच केली, तर गाडी तीनशेला पाच, म्हणजे साठास एक अशी वर कलते. दिव्याचा झोतही तेवढाच वर उचलला जातो. ३० मीटर अंतरावर तो पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा मीटर वर जाईल, थेट समोरून येणाऱ्या सायकलस्वाराच्या डोळ्यांत! म्हणून दिवे पुन्हा जुळवून घेतले पाहिजेत.

इंजिनाची शक्ती मागे नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, उंचीमुळे अधिक तिरपा होतो. त्याच्या टोकांशी असलेल्या फिरत्या सांध्यालाही हूकचेच नाव आहे. असा एक सांधा तिरपा चालला की पुढची गती एकसारखी राहत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा कमीजास्त होते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील, तर एकाचा दोष दुसरा भरून काढतो. लांब शॅकलने आस कलला की हा मेळ बिघडतो आणि गाडी थरथरू लागते. ब्रेकची रबरी नळीही तपासावी लागते. चाक खाली लोंबले असताना ती ताणली जाता कामा नये.

करून पाहा

पुठ्ठ्याची, चार चाकांची छोटी गाडी करा. ती लाकडी फळीवर आडवी ठेवा आणि खालच्या चाकांपाशी पट्टी चिकटवा, म्हणजे गाडी घसरणार नाही. फळीची पट्टीच्या विरुद्ध बाजूची कड हळूहळू उचला. गाडी कलंडते त्या क्षणी फळी किती उचलली गेली, ते मोजून लिहा. मग आस तिथेच ठेवून गाडीचा हौदा एक सेंटिमीटर उंच करा आणि पुन्हा मोजा. शेवटी मातीने भरलेल्या काड्यापेट्या प्रथम हौद्यात पसरून, नंतर त्याच एकावर एक रचून मोजा. वजन तेच; उत्तर मात्र किती बदलते ते पाहा.

मग गाडी उंच करावी की नाही?

पोट खरोखर घासत असेल, उंची माफक असेल, काम जाणत्या मिस्त्रीकडून झाले असेल आणि चाके, दिवे व ब्रेक तपासले असतील, तर गाडी उंच करता येते. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ ने गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार करण्यावर बंधने घातली आहेत. म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारावे. आणि कधीकधी चार घमेली मुरूम टाकून चाकोऱ्या भरणे हाच सर्वांत स्वस्त उपाय असतो. रस्ता पाच सेंटिमीटर उचलला, तर गुरुत्वमध्य हलत नाही!

विचार करा

१. चाकांतील अंतर १५० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य १०० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर स्थैर्यांक किती? तो ०.७० होण्यासाठी गाडी किती उंच करावी लागेल?

२. ओल्या रस्त्यावर घर्षणांक कमी होतो. मग तिथे गाडी आधी घसरेल की कलंडेल?

३. लोखंडी सळ्या आणि कापसाच्या गाठी यांचे वजन सारखेच भरले, तर कोणती गाडी वळणावर अधिक जपून न्यावी लागेल? का?