मोटारीचे बसलेले पाटे

डिचोलीहून पेडण्यास मामांकडे जाताना मागील आसनावर तीन माणसे बसली की आमच्या जुन्या ॲम्बॅसडर गाडीचे शेपूट रस्त्याला टेकू पाही. खड्डा आला की रबरी ठोकळा धाडकन आपटे. 'पाटे बसले,' असा निर्वाळा मिस्त्रींनी दिला. ते पाटे वडिलांनी घरीच बदलले, आणि मला पदार्थविज्ञानाचा एक धडा अंगणात शिकावयास मिळाला.

हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात २०१४ पर्यंत तयार झालेल्या या गाडीच्या मागील आसाला दोन्ही बाजूंस पोलादी पाट्यांची एकेक कमान असते. सर्वांत लांब पाट्याच्या टोकांना 'डोळे' असतात. बाकीचे पाटे क्रमाने आखूड होत जातात. त्याऐवजी एकच जाड पाटा का घालू नये? जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो; तेच दोन पातळ पाटे एकावर एक ठेवले तर तो केवळ दुप्पट होतो. शंभर पानी वही वाकवून पाहा. पाने एकमेकांवरून सरकतात, म्हणून ती सहज वाकते. तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा मोडेल.

भार जितका वाढवावा तितकी स्प्रिंग अधिक ताणली जाते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु तो स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपर्यंतच खरा. मर्यादा वारंवार ओलांडली गेली की पोलाद मूळ आकारास परत येत नाही. येथे पुष्कळांची एक चुकीची समजूत असते. बसलेला पाटा मऊ झालेला नसतो! गंजाने झिजला नसेल, तर तो पूर्वीइतकाच ताठर असतो. गेलेली असते ती त्याची कमान. म्हणूनच वरून आणखी एक पाटा घुसडला तर गाडी उचलली जाते खरी, पण बसणाऱ्यांची हाडे खिळखिळी होतात.

गाडी उचलून चिऱ्यांवर ठेवावी, असे मामांनी सुचविले. वडिलांनी साफ नकार दिला. चिरा भिंतीचा भार सोसतो. पण लोखंडाच्या अरुंद टोकाखाली तो अकस्मात फुटतो, आणि खाली माणूस असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीही कधी शिरू नये. पुढील चाकांस अडण्या लावून गाडीचा सांगाडा लोखंडी घोड्यांवर टेकविला, आणि आस वेगळ्या जॅकने तोलून धरला.

गंजलेले यू-बोल्ट रात्रभर तेलात भिजवूनही हलेनात. अखेर करवतीने कापावे लागले. नवे पाटे दोन्ही बाजूंस एकदमच घातले, नाहीतर गाडी एका अंगास कलते. मधल्या बोल्टचे डोके आसाच्या खाचेत नीट बसले पाहिजे; ते चुकले तर आस तिरका बसतो. भाराने कमान सपाट झाली की तिची लांबी वाढते, म्हणून तिचे मागील टोक झुलत्या शॅकलला जोडलेले असते. त्या डोळ्यांतील रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरविल्यावरच आवळावयाचे. अधांतरी आवळले तर रबर पिळलेलेच राहते व लवकर फाटते.

चतुर्थीस आम्ही पेडण्यास गेलो, तेव्हा मागे तिघे होते आणि डिकीत नारळांचे पोते. ठोकळा एकदाही वाजला नाही. परतल्यावर वडिलांनी यू-बोल्ट पुन्हा आवळले. प्रत्येक नट पाऊण फेरा फिरला.