दिल्लीला निघण्याआधी वार बघ

तिकिटाचं नंतर बघू, आधी कॅलेंडर काढ. दिल्लीत सोमवार म्हणजे पाहुण्यांसाठी रिकामा वार. लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, तीनमूर्तीचं पंतप्रधान संग्रहालय बंद, गांधीजींना गोळ्या घातल्या ते तीस जानेवारी मार्गावरचं घर बंद, अक्षरधाम आणि लोटस टेंपलही बंद. तिथे नोकरीत असताना किल्ल्याच्या दारातून हिरमुसून परतणारे आपले मराठी घोळके पुष्कळ पाहिलेत मी. सगळे सोमवारचे. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर मात्र रोज उघडी असते. तेव्हा सोमवार या दोघांना देऊन टाक.

दुसरं म्हणजे, ठिकाणांची यादी करू नकोस, दिशा धर. सकाळी कुतुब, दुपारी लाल किल्ला, संध्याकाळी पुन्हा दक्षिणेला लोटस टेंपल, असा बेत टूरवाले करून देतात आणि निम्मा दिवस गाडीच्या काचेतून सिग्नल बघण्यात जातो. एक दिवस दक्षिणेचा, एक जुन्या दिल्लीचा, एक मधल्या नव्या दिल्लीचा, आणि दोन ठिकाणं झाली की दिवस पुरा झाला असं समज. दादाचे गुडघे आणि तुझी पोरं, दोघांनाही तिसरं ठिकाण नको असतं.

मेट्रोची पिवळी लाइन पाठ कर. चांदणी चौक, नवी दिल्ली स्टेशन, राजीव चौक म्हणजे कॅनॉट प्लेस, केंद्रीय सचिवालय, पार खाली कुतुबमिनार, सगळं या एका लाइनवर. कुतुबला मात्र स्टेशनपासून रिक्षा कर, चालत लांब पडतं. मिनार ७२ मीटरच्या वर आहे, पण पोरांना आत चढायची आशा लावू नकोस. १९८१ च्या चेंगराचेंगरीत माणसं गेली, तेव्हापासून जिना बंद आहे. मेट्रोत शिरताना प्रत्येक वेळी बॅग तपासतात, म्हणून फळं कापायची सुरी सामानातच राहू दे.

लाल किल्ल्यासाठी सकाळ ठेव. आत चालायला फार आहे. दिवाण-ए-खासमध्ये सगळे संगमरवर बघतात; तू पोरांना मान वर करून छत बघायला सांग. तिथली चांदी १७६० साली आपल्या भाऊसाहेबांनी उतरवून तिची नाणी पाडली, सैन्याला द्यायला पैसा नव्हता म्हणून. पुढच्या जानेवारीत पानिपत झालं. किल्ल्याच्या तक्त्यावरून पोरांना हे कळणार नाही, तूच सांग. किल्ल्यावरून थेट जामा मशिदीत जायचं असेल तर नमाजाच्या वेळा आधी विचार, तेवढा वेळ पाहुण्यांना आत सोडत नाहीत. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारी सोडत नाहीत, सायकलरिक्षा कर. भाडं बसण्याआधी ठरव, उतरल्यावर नाही.

आणखी एक जागा सहसा कोणाच्या यादीत नसते. सिव्हिल लाइन्स भागात २६, अलीपूर रोड. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब तिथे गेले. आता तिथे स्मारक आहे. दिल्लीला जाऊन तिथे न जाणं मला तरी पटत नाही.

आग्र्याचा हट्ट होणारच. होऊ दे, पण शुक्रवार नको. शुक्रवारी ताज बंद असतो आणि निजामुद्दीनहून सकाळी सुटणारी गतिमान एक्सप्रेसही त्या दिवशी धावत नाही. माझं विचारशील तर आग्र्याऐवजी पानिपतला जा, उत्तरेला नव्वदेक किलोमीटर आहे. बघण्यासारखं फार काही नाही, काला आंबचं स्मारक आणि मोकळं रान. पण दादाला तिथे उभं राहायला आवडेल. वहिनीला नाही आवडणार, तिला ताजच हवा असेल. तो तंटा घरीच मिटवून निघा.

दिवस कुठले? फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. बागा फुललेल्या असतात, राष्ट्रपती भवनाची बागही साधारण तेव्हाच लोकांना उघडतात, तिचं बुकिंग ऑनलाइन कर. दिवाळीनंतर हवेत धूर असतो, दादाच्या खोकल्याला तो मानवायचा नाही. मेमध्ये तर जाऊच नकोस. नाताळाच्या सुट्टीत जायचं म्हणशील तर धुकं धरून चाल, गाड्या तासन्‌तास रखडतात. परतीच्या गाडीला जोडून पुढचं विमान कधी ठेवू नये. आणि आपल्याकडचा स्वेटर तिथल्या जानेवारीत बनियनसारखा वाटतो. कानटोपी, पायमोजे, वहिनीला जाड शाल. सव्वीस जानेवारीच्या आधी कर्तव्यपथाच्या आसपास तालमींसाठी रस्ते बंद करतात, त्या आठवड्यात मधली दिल्ली विसरायची.

अक्षरधामला जाणार असाल तर फोन आत नेऊ देत नाहीत. जमा करायची रांग मोठी असते, म्हणून घरातला एकच फोन बरोबर घ्या आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा.

उतरायला पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, खोलीसाठी आधी फोन करून ठेव. त्यासाठी नवी दिल्ली स्टेशनवर पहाडगंजच्या बाजूने बाहेर पड. मेट्रो धरायची असेल तर उलट, अजमेरी गेटच्या बाजूने. वाटेत कोणी गोड बोलून सांगेल की तुमचं हॉटेल बंद पडलंय, तिकडे दंगल आहे, मी दुसरीकडे नेतो. त्याच्याशी वाद घालू नकोस, हुज्जतीत तो तुझ्यापेक्षा मुरलेला असतो. सामान धर, दादाला पुढे घाल आणि चालत राहा.