बरं वाटतंय, मग गोळी कशाला?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, बायका उठायला लागल्या. तेवढ्यात एक मावशी माझ्याजवळ सरकून बसल्या. हळूच म्हणाल्या, "सुनेला डोक्याच्या गोळ्या चालू होत्या. चार महिन्यांत पोरगी चांगली झाली, म्हणून आम्हीच बंद केल्या. आता रात्र-रात्र झोपत नाही, सारखी बोलत राहते. परवा कानातले मोडून साड्या घेऊन आली. बाहेरचं काही असेल का गं?"

बाहेरचं काही नव्हतं. गोळी बंद झाली होती, म्हणून आजार परत आला होता. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर.

आजार कसा असतो?

सुख-दुःख सगळ्यांनाच असतं. पण मन आठवडेच्या आठवडे खाली जातं, जेवण-झोप बिघडते, कशातच जीव लागत नाही, तेव्हा ते नैराश्य असतं. काही जणांचं मन कधी असं खाली जातं, तर कधी खूप वर. झोप कमी होते तरी थकवा नसतो, मोठमोठ्या गोष्टी बोलणं, वारेमाप खर्च, चिडचिड. याला बायपोलर आजार म्हणतात. हा आळस नाही, नाटक नाही आणि करणीही नाही.

गोळीचं काम कसं चालतं?

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडू नका. बायपोलरमध्ये लिथियमसारखी औषधं मनाचा तोल राखतात. बरं वाटतंय ते गोळीमुळेच. कमी करायची की बंद करायची, हे डॉक्टरच ठरवतील. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका.

लिथियम चालू असेल तर

लिथियम चांगलं औषध आहे, पण रक्तातलं त्याचं प्रमाण बेताचं लागतं. जास्त झालं तर विषासारखं बाधतं. म्हणून घरच्यांनी एवढं सांभाळावं :

१. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासा. रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. किडनी आणि थायरॉईडची तपासणीही वेळच्या वेळी करा.

२. उन्हात खुरपणीला जाताना पाण्याची बाटली सोबत हवीच. घाम, जुलाब, उलटी किंवा कडक उपास यांनी अंगातलं पाणी कमी होतं आणि लिथियम वाढतं.

३. जेवणातलं मीठ मनाने एकदम कमी करू नका.

४. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या आणू नका. त्यांनीही लिथियम वाढतं. बीपीच्या काही गोळ्यांनीसुद्धा वाढतं. कुठल्याही दवाखान्यात गेलात की "लिथियम चालू आहे" हे आधी सांगा.

५. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. काही औषधं बाळाला अपाय करतात. पण घाबरून आपल्या मनाने गोळी थांबवू नका.

धोक्याची खूण : उलट्या-जुलाब, हात जोरात थरथरणं, झोकांड्या जाणं, जीभ जड होणं, गुंगी. यातलं काही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच वेळी दवाखाना गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.

जीवाला जपा

"मी नसले तर बरं" असं कुणी बोललं तर हसण्यावारी नेऊ नका. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने विचार वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा. गोळ्यांची पाकिटंही घरातल्या जबाबदार माणसाने स्वतःकडे ठेवावीत. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. तिथे रात्री-अपरात्रीसुद्धा मोफत बोलता येतं, मराठीतही.

त्या मावशी सुनेला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेल्या. गोळ्या परत सुरू झाल्या, आता झोप लागते आहे. मावशींनी कॅलेंडर गोळ्यांच्या डब्याशेजारी टांगलंय. गोळी दिली की त्या तारखेवर फुली मारतात. सुनेला मात्र गटात यायला अजून लाज वाटते. गोळी डॉक्टर देतील, ताईंनो, पण ही लाज घालवणं आपल्याच हातात आहे.

पुढच्या बैठकीत बोलूया :
• आपल्या गटात कुणी बैठकीला यायचं बंद झालंय का? तिच्या घरी कोण जाऊन येईल?
• "वेडी" हा शब्द आपण किती सहज वापरतो?